झाकण

खानापुरात, भट्टीमागं, मोनाप्पाच्या पडवीत
उपड्या रांजणावर लॅपटॉप ठेवलाय.
वायर कोंबडीच्या डालग्याखालून.
रेंजची एकच दांडी, तीही
जांबोटीकडून वारा आला तर.

बैलहोंगलहून शिवलीला अंगडी विचारते, आलं का?
नाही. अंगठ्याएवढं चित्र पाठवलंय तिनं,
तेही एकोणीस टक्क्यांवर फतकल मारून बसलंय.
मूळचं, जडशीळ, सकाळच्या बसनं येईल,
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात पेनड्राइव्ह,
कंडक्टर ओळखीचा.

मी आधी लग्नं करायचो.
म्हणजे लोकांची.
नंदगड, गर्लगुंजी, इदलहोंड,
एकशे चाळीस लग्नं एका चोरीच्या सॉफ्टवेअरात.
ती कंपनी बुडाली की विकली गेली, कोण सांगणार.
परवा गुंडूची बायको आली.
"वडलांचा तोंडावळा तेवढा काढून दे,
फोटो एक नाही घरात."
डिस्क फिरली. नाव दिसलं, तारीख दिसली,
चार जीबी दिसले.
क्लिक केलं तर मलाच विचारतंय,
कशात उघडू?
कशात म्हणजे?
माणूस आहे आत.
"बघ की जरा," म्हणून गेली ती.
आता बाजारात दिसली की मी रस्ता बदलतो.

मोनाप्पा चाकावर. मडक्याची मान काढतो,
मग तोंडावर एक काडी आडवी धरतो.
एवढंच माप.
कॅमेऱ्यामागून मी विचारलं, काडी कुणाची?
"काडीला कुणाची म्हणतात व्हय?
गल्लीत सात चाकं होती.
माझं मडकं, कल्लाप्पाचं झाकण,
बसाय नको?
बाजारात बाई झाकण उचलती,
ती काय कुंभाराचं नाव विचारती?"
हे निम्मं मराठीत, निम्मं कन्नडात.
मधे एक शिवी, ती दोन्हींतली.

त्याच्या बोलण्याखाली दोन ओळी,
एक माझी, एक शिवलीलाची.
वर सेकंद, खाली वाक्य, बस्स.
साधी अक्षरं. फोनवर उघडतात,
मडगावात रोझलिनच्या त्या काँप्युटरवर उघडतात
ज्याच्यावर दुसरं काही उघडत नाही.
ती आवाज साफ करते, भट्टीचा ठेवते,
माझा खोकला काढते,
आणि काढला तिथं तसं लिहून ठेवते,
म्हणजे कुणाला हवा असेल तर परत घालता येईल.

पाट्यांना डांबर फासलं त्या वर्षी
मी आठवीत होतो.
कुठली ओळ वर, कुठली खाली,
यावरून तीन दिवस दुकानं बंद.
ते आठवून मी म्हटलं, तुझी वर घे.
ती म्हणाली, मी कशाला ठरवू?
बटण आहे. बघणारा ठरवेल.

सात मिनिटं एकतीस सेकंद.
भाजलेली मडकी मोनाप्पा बोटानं वाजवतो.
मी लिहिलं, ठण्.
तिनं तिच्या लिपीत लिहिलं, फोनवर वाचून दाखवलं,
ठण्.
रोझलिन म्हणाली, आवाजाला कशाला ओळ?
शिवलीलाचा मामा बहिरा आहे.
तोच पहिला बघणार.

पुढचं मडकं चिरलेलं.
मी लिहिलं, बद्द.
"आमच्यात असं नाही वाजत."
मग कसं?
"थांब, आईला विचारते."

ती गेली विचारायला.
इथं मोनाप्पानं ते मडकं बाजूला काढलं,
कोंबडीला दाणे त्यात.
सात मिनिटं छत्तीस.
माझी ओळ आहे. तिची जागा मोकळी,
कर्सर लुकलुकतोय,
वारा पडलाय जांबोटीकडचा.